मध्य जुळला म्हणजे नकाशा जुळला असं नाही

"मधला स्रोत बरोबर बसतोय ना? मग रूपांतर बरोबर आहे." आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हे मला वारंवार ऐकवलं, तेही चारचौघांत. ते चूक होतं. दुसऱ्या कोणाचं काम यात अडकू नये म्हणून लिहिते आहे.

जीएमआरटीच्या १५० मेगाहर्ट्झच्या प्रतिमांमधले रेडिओ स्रोत घ्यायचे आणि दृश्य प्रकाशाच्या कॅटलॉगमध्ये त्यांचे जोडीदार शोधायचे, हे माझं काम. पिक्सेलवरून विषुवांश आणि क्रांती काढणारं मॉड्यूल त्यांनी लिहिलेलं. मध्याजवळ जोड्या छान जुळायच्या, कडेला सुटायच्या. मी सांगितलं, तर उत्तर आलं, "मॅडम, तुमचा कॅटलॉग तपासा." तो तपासून दाखवला, तेव्हा दोष आयनांबरावर गेला. कमी वारंवारतेला आयनांबर स्रोतांच्या जागा हलवतं हे खरंच, म्हणून सगळ्यांना ते पटलंही.

शेवटी मी मॉड्यूलने दिलेल्या जागेपासून कॅटलॉगमधल्या जागेपर्यंत प्रत्येक ठळक स्रोतासाठी एक बाण काढला. आलेख समोर आला आणि शंका उरलीच नाही. सगळे बाण मध्यापासून बाहेर रोखलेले. मध्यावर लांबी शून्य, आणि अंतर दुप्पट झालं की बाण आठपट. वेगवेगळ्या रात्रींच्या प्रतिमांत हेच. आयनांबर रात्रीगणिक बदलतं, ते इतक्या शिस्तीने घनाचा नियम पाळत नाही. ही भूमिती होती.

प्रतिमेच्या हेडरमधल्या सीटाइपच्या, म्हणजे प्रक्षेपणाचा प्रकार सांगणाऱ्या ओळीत सरळ 'सिन' लिहिलेलं होतं. रेडिओ व्यतिकरणमापी दिशांचे कोज्या मोजतो, त्यामुळे त्याच्या प्रतिमेत मध्यापासूनचं अंतर कोनाच्या साइनच्या प्रमाणात येतं. मॉड्यूल मात्र प्रत्येक प्रतिमा 'टॅन' धरून, म्हणजे दृश्य दुर्बिणीच्या प्रतिमांसारखी स्पर्शतलावरची मानून चालत होतं. या दोहोंतला फरक मध्यापासून एका अंशावर जेमतेम अर्धा आर्कसेकंद असतो, दोन अंशांवर ४.४ आणि तीन अंशांवर जवळजवळ १५. लहान प्रतिमांवर तो कधी दिसलाच नसता.

"आकाशातून पिक्सेलवर जाऊन परत आलो की तोच आकडा मिळतो," हा त्यांचा हुकमी पुरावा. जाताना आणि येताना सूत्र तेच चुकीचं असेल, तर आकडा तोच मिळणार! त्या चाचणीने गणित उलटवता येतं एवढंच कळतं. दुरुस्ती झाली तेव्हा गटाच्या मेलमध्ये तिचा उल्लेख 'किरकोळ बदल' असा होता. माझ्या कॅटलॉगवर घेतलेल्या शंका कोणी मागे घेतल्या नाहीत.

आता कामाचं.

बाणांचा आलेख पहिल्याच दिवशी काढा. सगळे बाण एका दिशेला आणि सारख्या लांबीचे असतील, तर संदर्भ पिक्सेल चुकलाय. प्रतिमांच्या फिट्स फाइलमध्ये पहिला पिक्सेल १ असतो, पायथॉनमध्ये ०. बाण मध्याभोवती फिरत असतील तर प्रतिमेचं वळण चुकलंय. अंतराच्या प्रमाणात वाढत असतील तर पिक्सेलचं माप, आणि घनाच्या प्रमाणात वाढत असतील तर प्रक्षेपण.

विषुवांशातला फरक क्रांतीच्या कोज्याने गुणल्याशिवाय अंतर म्हणून वापरू नका. ६० अंश क्रांतीवर तो निम्मा होतो. ३५९.९ आणि ०.१ अंशांची सरासरी १८० काढणारा कोडही मी पाहिला आहे. १९५० आणि २००० च्या निर्देशांकांत परांचन गतीमुळे सुमारे ०.७ अंशांचा फरक पडतो, म्हणून हेडरमधलं संपातवर्ष वाचा.

स्पर्शतलाचं सूत्र आकाशाच्या पाठीमागच्या बिंदूलाही बिनतक्रार उत्तर देतं. एर्फासारख्या लायब्ररीत अशा वेळी इशारा देणारा अंक परत येतो. तो दुर्लक्षून पुढे जाऊ नका.

स्वतःची सूत्रं लिहायचा हट्ट सोडा. ग्राइसेन आणि कॅलाब्रेटा यांची प्रमाण पद्धत २००२ सालीच छापून आली आहे आणि अ‍ॅस्ट्रोपाय तीच पाळतं. मूळ फाइल जपून ठेवा. मोठ्यांशी झालेलं बोलणं लेखी ठेवा.

आणि मॉड्यूल लिहिणाऱ्यांना एक विनंती. कडेचे स्रोत जुळत नाहीत असं कोणी सांगितलं, तर आधी हेडर उघडा. सांगणाऱ्याच्या कामावर बोट त्यानंतर ठेवा.