दस्तऐवजाचे साधन आणि वाचक: 'पायथन'चे उदाहरण

मुक्तस्रोत आज्ञावलीची माहितीपुस्तिका कोणत्या साधनाने लिहावी, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. वस्तुतः वाचक कोण आणि लिहिणार कोण, हा त्यातील मूळ प्रश्न होय. 'पायथन' या संगणकभाषेचे उदाहरण या दृष्टीने लक्षणीय आहे. १९८९ च्या सुमारास प्रकल्प सुरू झाला तेव्हापासून तिचे दस्तऐवज 'लाटेक' या अक्षरजुळणी-प्रणालीत लिहिले जात. पुस्तिका छापून वाचण्याचा तो काळ, आणि छापील पानाचा देखणेपणा हा तर लाटेकचा खास गुण. पुढे वाचक पडद्याकडे वळला. लाटेकमधून एचटीएमएल पाने सिद्ध करणे किचकट होते. ती रूपांतरयंत्रणा सांभाळण्यात संपादक फ्रेड ड्रेक यांचा पुष्कळ वेळ खर्ची पडला. संपादकाचे श्रम मजकुराऐवजी साधनावर वेचले जावेत, ही स्थिती कोणत्याही ग्रंथव्यवहारात चिंताजनकच.

गेऑर्ग ब्रांडल यांनी त्यासाठी 'स्फिंक्स' घडवले. ऑक्टोबर २००८ मधील पायथन २.६ चे दस्तऐवज त्यातून सिद्ध झाले. शीर्षकाखाली रेघ, यादीतील नोंदीपुढे तारका, अशा त्याच्या खुणा असल्याने मूळ मजकूरही सलग वाचता येतो. त्याहून महत्त्वाचे असे की, 'हे फंक्शनचे नाव' एवढेच लेखक नोंदवतो. अक्षराचे वळण व दुवा साधन पुरवते. 'मार्कडाउन' शिकण्यास सोपे खरे, परंतु असे अर्थनिर्देश त्याच्या मूळ रूपात नाहीत. तथापि स्फिंक्समध्ये ओळीच्या आरंभीची मोकळी जागा चुकली की रचनाच बिघडते. नवागत लेखक नेमका तेथे अडखळतो. लिनक्स कर्नेलचे दस्तऐवजही २०१६ पासून 'डॉकबुक' सोडून याच साधनाकडे वळू लागले.