युतुखची खिडकी आणि आपला रविवार

वाचन : प्रेषितांची कृत्ये 20:7-12

आधुनिक समाजात ख्रिस्तसभेपुढे कोणती आव्हाने आहेत, असा प्रश्न निघाला की आपल्याकडे ठरलेली उत्तरे येतात. भोगवाद वाढला, तरुण पिढी मोबाईलमध्ये गुंतली, कुटुंबात एकत्र प्रार्थना होत नाही, देवावरची श्रद्धा कमी झाली. ही उत्तरे खोटी आहेत असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पुण्यासारख्या शहरात पोटासाठी राबणाऱ्या ख्रिस्ती माणसापुढे त्याहून साधे आणि रोजचे एक आव्हान उभे आहे. त्याच्याकडे रविवार उरलेला नाही.

या विषयाचा विचार करताना वर दिलेला उतारा घरी सावकाश वाचावा. त्रोवस येथे आठवड्याच्या पहिल्या दिवशी बंधुजन भाकर मोडण्यासाठी जमले होते. माडीवरच्या खोलीत पुष्कळ दिवे लावलेले होते. दुसऱ्या दिवशी पौल निघणार होता, म्हणून त्याचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबले. युतुख नावाचा एक तरुण खिडकीत बसला होता. त्याला गाढ झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांनी उचलले तेव्हा तो मेलेला होता. पौलाने खाली जाऊन त्याला कवटाळले, त्याच्यात प्राण आहे असे सांगून लोकांना धीर दिला, मग वर जाऊन भाकर मोडली आणि पहाटेपर्यंत बोलत राहिला.

प्रवचन लांबवणाऱ्या धर्मगुरूंना हा उतारा थट्टेने ऐकवला जातो, आणि ती थट्टा अगदीच अस्थानी नाही. पण आपण वेगळा प्रश्न विचारू. उपासना रात्री का होती? त्या काळच्या रोमी साम्राज्यात आठवड्याचा पहिला दिवस सुट्टीचा नव्हता. यहुदी लोक शब्बाथ पाळत, इतरांना मात्र तो दिवस कामाचाच होता. ख्रिस्ती मंडळींमध्ये गुलाम होते, मजूर होते, कारागीर होते. धन्याचे काम संपल्याशिवाय त्यांना घराबाहेर पडता येत नसे. युतुख दिवसभर काय करत होता हे लूक सांगत नाही. परंतु दिवसभराच्या कामानंतर थेट माडीवर आलेली माणसे त्या सभेत असणारच. तो झोपला म्हणून पौल त्याच्यावर रागावला, असे एक अक्षरही त्या उताऱ्यात नाही.

आपल्या रविवारचा आरंभ असा आहे. सुमारे सन 112 मध्ये बिथुनियाचा रोमी अधिकारी प्लिनी याने सम्राट त्राजानला पत्र लिहिले. त्यात ख्रिस्ती लोक एका ठरावीक दिवशी पहाट होण्यापूर्वी जमतात, अशी नोंद आहे. उजाडले की ज्याला त्याला कामावर जायचे असे. सन 155 च्या सुमारास संत जस्टिन यांनी रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. शहरातले आणि खेड्यातले सर्व एकत्र येतात, वाचने होतात, प्रवचन होते, भाकर आणि द्राक्षरस यांवर आभारप्रार्थना होते, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक ख्रिस्तप्रसाद घेऊन जातात. त्याच सभेत अनाथ, विधवा आणि आजारी यांच्यासाठी दानही गोळा होई. हा तपशील आपण सहसा विसरतो. गैरहजर माणसाचे नाव त्या सभेने खोडून टाकले नव्हते. त्याचा वाटा त्याच्या घरी पोहोचत होता.

रविवारी कामे बंद ठेवण्याचा हुकूम पुढे सन 321 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाईनने काढला, आणि त्यातूनही शेतकऱ्यांना वगळले होते. म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षे ख्रिस्तसभा सुट्टीशिवाय रविवार पाळत होती.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. आपल्याकडच्या कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली ती मिशनऱ्यांमुळे किंवा गोऱ्या सरकारच्या कृपेने, असा पुष्कळांचा समज आहे. गिरणी कामगारांपुरता तरी तो खरा नाही. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती सुट्टी झगडून मिळवली. पुण्यात निघालेले ‘दीनबंधु’ हे पत्र पुढे मुंबईतून चालवणारे ते हेच लोखंडे. 1884 साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि आठवड्यातून एक दिवस, रविवारी, विश्रांती मिळावी अशी मागणी हजारो सह्यांनिशी मांडली. 24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. लोखंडे ख्रिस्ती नव्हते. तरीही आठव्या-नवव्या वर्षी गिरणीत जाणाऱ्या पोराला आणि त्याच्या आईला एक दिवस मिळावा, ही त्यांची तळमळ अनुवादाच्या पाचव्या अध्यायाच्या अगदी जवळची आहे. तेथे शब्बाथाची आज्ञा देताना परमेश्वर सांगतो की तुझ्या दासाने आणि दासीनेही तुझ्यासारखाच विसावा घ्यावा, आणि आपणही मिसर देशात दास होतो याची इस्राएलला आठवण देतो.

त्यानंतर वर्षभराच्या आत, 15 मे 1891 रोजी, पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या स्थितीविषयी ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक काढले. त्यात रविवारच्या विश्रांतीचा कामगाराचा हक्क स्पष्ट मांडलेला आहे. याच पोप महोदयांनी 1886 साली आपला पुणे धर्मप्रांत स्थापन केला. 1893 साली त्यांनी कँडी येथे सुरू केलेली पेपल सेमिनरी 1955 मध्ये आपल्या पुण्यात आली. 8 मे 2025 रोजी निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हेच नाव घेतले आणि त्याचे कारणही सांगितले. तेराव्या लिओंच्या काळी यंत्रांनी कामगारांचे जीवन बदलले, आज कृत्रिम बुद्धिमत्ता ते बदलत आहे, आणि माणसाच्या श्रमाची प्रतिष्ठा पुन्हा राखावी लागणार आहे.

पुण्यात हे सारे कसे दिसते? पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तेथे रविवारी सकाळी नेहमीसारखा भोंगा होतो. चाकणला कंत्राटी कामावर असलेला मुलगा तीन पाळ्यांत फिरतो, त्याची सुट्टी दर आठवड्याला बदलते. हिंजवडीतल्या संगणक कंपनीत काम करणाऱ्याचा ग्राहक अमेरिकेत असतो, त्यामुळे त्याची रात्र आणि दिवस आपल्यापेक्षा निराळे. मॉलमध्ये, रुग्णालयात, सुरक्षारक्षकाच्या खुर्चीवर, घरोघर डबे पोहोचवणाऱ्या दुचाकीवर रविवार हा सर्वांत जास्त कामाचा दिवस असतो. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकाने वर्षभर रोज उघडी ठेवता येतात. कामगाराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यावी लागते, पण ती कोणत्याही वारी. कारखान्यांसाठी नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या नव्या श्रम संहितेतही आठवड्यात सहा दिवसांपेक्षा जास्त काम नको असे आहे, मात्र तो सातवा दिवस रविवारच हवा असे नाही.

घरकाम करणाऱ्या भगिनींना तर एवढेही नाही. त्यांच्यासाठी 2008 साली राज्यात कल्याण मंडळाचा कायदा झाला, परंतु आठवड्याची सुट्टी हा त्यांचा हक्क झालेला नाही. 1980 साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली, हे आपल्यापैकी जुन्या लोकांना आठवत असेल. नगर जिल्ह्यातून, आजच्या अहिल्यानगरमधून, पुण्याला आलेल्या आपल्या अनेक मराठी ख्रिस्ती कुटुंबांत आई हेच काम करते. रविवारी तिच्या मालकिणीकडे पाहुणे असतात. सकाळी साडेसातची मिस्सा ती गाठणार कशी? आणि चार रविवार ती दिसली नाही की आपण काय म्हणतो? “शहरात आल्यापासून थंड पडली.” असेही होते की पाचव्या रविवारी जवळच्या वस्तीत रात्री आठ वाजता कोणीतरी प्रार्थनासभा घेते, तिला घरी येऊन बोलावते, आणि ती जाते. मग आपण पंथांच्या आक्रमणावर व्याख्यान ठेवतो.

येथे कोणी म्हणेल, नियम तो नियम. रविवारी मिस्सा ऐकणे बंधनकारक आहे. बरोबर आहे, आणि ते बंधन हलके करावे असे आम्ही सुचवत नाही. सन 304 मध्ये आफ्रिकेतल्या अबितिना गावच्या ख्रिस्ती लोकांनी न्यायाधीशापुढे सांगितले की रविवारच्या उपासनेशिवाय आम्हाला राहता येत नाही, आणि त्यासाठी मरण पत्करले. रविवार म्हणजे प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस, तो गुरुवारने भरून निघत नाही. परंतु आपल्या ख्रिस्तसभेने हेच बंधन श्रमिकाला पाळता यावे म्हणून काय केले, तेही नियम सांगणाऱ्याने सांगावे.

घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. पूर्वी ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही घेता येत नसे, आणि मिस्सा सकाळीच होत असे. रात्रपाळी करून आलेल्या रेल्वे कामगाराने काय करावे? 6 जानेवारी 1953 रोजी पोप बारावे पायस यांनी हा नियम बदलला. पाण्याने उपवास मोडत नाही असे ठरवले आणि सायंकाळच्या मिस्साला परवानगी दिली. कारणे देताना त्यांनी कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्यांचा उल्लेख केला. 1957 साली उपवास तीन तासांवर आला, 1964 साली एका तासावर. आज कायदासंहितेच्या 1248 व्या कलमानुसार शनिवारी सायंकाळच्या मिस्सानेही रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, आणि ती कोणत्याही कॅथलिक चर्चमध्ये चालते. धर्मगुरूच उपलब्ध नसतील किंवा दुसरे गंभीर कारण असेल, तर शब्दविधी किंवा कुटुंबाने वा काही कुटुंबांनी मिळून केलेली प्रार्थना तेच कलम सुचवते. या सवलती आळशांसाठी केलेल्या नाहीत. त्या युतुखसाठी केलेल्या आहेत, आणि युतुखला त्या अजून नीटशा ठाऊकच नाहीत.

मग अडते कुठे? बहुतेक वेळा घड्याळात अडते. मराठी मिस्सा रविवारी सकाळी एकच, आणि सायंकाळची असली तर ती इंग्रजी, असे जेथे असेल तेथे दुसऱ्या पाळीचा मराठी कामगार कायमचा बाहेर राहतो. शेजारच्या चार धर्मग्रामांनी मिळून ठरवले तर शनिवारी रात्री एके ठिकाणी, रविवारी रात्री दुसऱ्या ठिकाणी मराठी मिस्सा होऊ शकेल. घरी टीव्हीवर किंवा मोबाईलवर मिस्सा पाहण्याची सवय 2020 च्या टाळेबंदीत लागली. आजाऱ्याला ती आधार आहे, पण पडद्यातून भाकर हाती येत नाही.

आतापर्यंत आपण ज्यांना रविवार मिळत नाही त्यांच्याविषयी बोललो. ज्यांना मिळतो, त्यांचेही थोडे पाहू. आपल्या मुलांचे शिकवणी वर्ग, सराव परीक्षा, क्रिकेटचे प्रशिक्षण हे सारे रविवारी सकाळी असते, आणि तेथे आपण मुलांना स्वतः सोडायला जातो. धर्मशिक्षणाच्या वर्गाला दांडी मारली तर चालते, तिकडे मारली तर फी बुडते. याहून अवघड गोष्ट पुढेच आहे. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथातील परिच्छेद 2187 सांगतो की दुसऱ्याला प्रभूचा दिवस पाळता येणार नाही अशी अनावश्यक कामे ख्रिस्ती माणसाने त्याच्यावर लादू नयेत. मिस्साहून आल्यावर आपण मोबाईलवरून बिर्याणी मागवतो, ती आणणारा मुलगा कोण असतो? आपल्या घरी रविवारी भांडी घासायला येणारी बाई कोणत्या चर्चची किंवा कोणत्या देवळाची आहे, हे आपल्याला माहीत असते का? तिला आठवड्याची एक पगारी सुट्टी द्यायला सरकारच्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. ती हिंदू असली तरी द्यावी. परमेश्वराने आज्ञेत दासीचा धर्म विचारलेला नाही, आपल्यात राहणाऱ्या परक्यालाही त्या विसाव्यात घेतले आहे.

लघु ख्रिस्ती समूहांसाठी या आठवड्याचा अभ्यास असा : उतारा मोठ्याने वाचावा. नंतर आपल्या गल्लीत किंवा सोसायटीत रविवारी कोण कामावर जाते, कोणत्या पाळीला, सुट्टी कोणत्या वारी आणि घरी केव्हा भेटता येईल, हे एका कागदावर लिहावे. भाड्याने राहणारे, एकेकटे राहणारे आणि नोंदवहीत नाव नसलेलेही त्यात धरावेत. कागद धर्मगुरूंकडे आणि धर्मग्राम परिषदेकडे द्यावा, म्हणजे मिस्साच्या वेळा ठरवताना आणि ख्रिस्तप्रसाद घरी नेणाऱ्या सेवकांच्या फेऱ्या लावताना तो समोर राहील. शक्य असेल तेथे समूहाची ही बैठकही या वेळी रविवारी न घेता गुरुवारी संध्याकाळी घ्यावी.