राखणदारच चहाडखोर निघाला तर?

प्रश्न : लॅपटॉपवर फुकटचं अँटिव्हायरस आहे. तेच माझी माहिती विकत असेल का?

उत्तर : शंका रास्त आहे. अव्हास्टसारख्या नामांकित कंपनीने ग्राहकांच्या ब्राउझिंगच्या नोंदी 'जंपशॉट' या उपकंपनीमार्फत विकल्या. बोभाटा झाल्यावर २०२० मध्ये ती बंद केली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १.६५ कोटी डॉलर भरायला लावले. या नोंदी ब्राउझर एक्स्टेन्शनमधूनही गोळा होत, म्हणून तुमच्या अँटिव्हायरसने टाकलेलं एक्स्टेन्शन आधी काढा. विंडोज ११ असेल तर त्यातलं डिफेंडर घरगुती वापराला, माझ्या मते, पुरेसं आहे. दुसरं अँटिव्हायरस काढलंत की ते सहसा आपोआप सुरू होतं; तरी एकदा तपासून घ्या. (अर्थात, मायक्रोसॉफ्टही काही माहिती घेतंच.) दोन्ही काढून उघड्यावर मात्र राहू नका.