मगरुड कसा काढावा ?

चित्रकलेच्या तासाला किंवा रिकाम्या वेळीं वहीच्या कडेला मुलें ज्या आकृति काढतात, त्यांत एक प्रकार फार आढळतो. कोठें बैलाला पंख फुटलेले असतात, कोठें माशाच्या धडावर मांजराचें डोकें बसलेलें असतें, तर कोठें उंटाच्या पाठीमागें मोराचा पिसारा उभारलेला असतो. अशी वही वडील माणसांच्या दृष्टीस पडली म्हणजे एक ठराविक प्रश्न निघतो : "असा प्राणी जगांत आहे तरी काय ?" प्रश्न रास्त आहे; पण त्याच्या पाठोपाठ वही मिटली जाते, हें मात्र रास्त नव्हे. वही मिटण्यापूर्वीं आणखी एक प्रश्न विचारावयास हवा : "हा तुझा प्राणी उभा राहील काय ? चालेल काय ?" पहिल्या प्रश्नानें मुलाचें काढणें थांबतें, दुसऱ्या प्रश्नानें त्याचें पाहणें सुरू होतें. आम्हांस या लेखांत जें सांगावयाचें आहे तें एवढेंच कीं, नसलेला प्राणी नीट काढावयाचा तर असलेले प्राणी अधिक बारकाईनें पाहावे लागतात. आणि अशा चित्राची खरी परीक्षा दोन प्राणी जेथें एकमेकांस मिळतात त्या सांध्यावर होते.

हा नाद आजकालचा नव्हे. इसवी सनापूर्वीं आठव्या शतकांत असीरियाचा राजा दुसरा सारगोन यानें खोर्साबाद येथें राजवाडा बांधला. त्याच्या दरवाजांपाशीं माणसाचें मस्तक, बैलाचें धड आणि गरुडाचे पंख असलेले प्रचंड पाषाणी रक्षक उभे होते. त्यांतील कांहीं आज पॅरिस, लंडन व शिकागो येथील संग्रहालयांत आहेत. हे रक्षक नीट पाहिले तर त्यांना पांच पाय असल्याचें ध्यानांत येतें. ही शिल्पकाराची चूक नव्हे. समोरून पाहणाऱ्यास दोन पाय जुळवून स्वस्थ उभा असलेला प्राणी दिसावा, आणि बाजूनें जाणाऱ्यास चार पायांनीं चालणारा प्राणी दिसावा, अशी ती योजना आहे. पाहणारा कोठें उभा राहील याचा विचार त्या शिल्पकारानें आधीं केला होता. आपल्या महाराष्ट्रांतहि शिवनेरीसारख्या अनेक किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेले आढळतात, आणि जंजिऱ्याच्या मुख्य दरवाजापाशीं हत्तींना पंजांत पकडणारा एक पशु आल्यागेल्यास आपला दरारा दाखवीत असतो.

ओडिया कवि सारळा दास यांनीं पंधराव्या शतकांत रचलेल्या महाभारतांत नवगुंजर नांवाचा प्राणी येतो. त्याचें डोकें कोंबड्याचें, मान मोराची, वशिंड बैलाचें, कंबर सिंहाची आणि शेपटी सापाची आहे. त्याचे तीन पाय तीन निरनिराळ्या पशूंचे असून चौथ्या पायाच्या जागीं माणसाचा हात आहे, व त्या हातांत कमळ आहे. अर्जुन या प्राण्यावर बाण सोडणार इतक्यांत त्याची नजर त्या हाताकडे जाते. हा सामान्य पशु नव्हे, प्रत्यक्ष कृष्णच आहे, हें तो ओळखतो आणि धनुष्य खालीं ठेवतो. ओडिशांतील पटचित्रकार हा प्रसंग आजहि काढतात. यांत चित्रकारानें घेण्यासारखें एक मर्म आहे. नऊ अवयवांपैकीं आठ नवलासाठीं असतील. पण नववा अर्थासाठीं आहे. आपल्या प्राण्यास एखादा अवयव कां दिला याचें उत्तर आपणांपाशीं असलें पाहिजे.

इटलीचा थोर चित्रकार लिओनार्दो दा विंची (१४५२–१५१९) यानें तर या कामाचा नियमच सांगून ठेवला आहे. कल्पित प्राणी खरा वाटावा अशी इच्छा असेल, तर त्याचा प्रत्येक अवयव कोणत्या ना कोणत्या खऱ्या प्राण्याच्या अवयवासारखा असावा, असें त्याचें म्हणणें. डोकें शिकारी कुत्र्याचें घ्यावें, डोळे मांजराचे, कान साळिंदराचे, मान पाणकासवाची, अशीं उदाहरणेंहि त्यानें दिलीं आहेत. त्याचा चरित्रकार व्हासारी सांगतो कीं, एका ढालीवर भयंकर प्राणी रंगवण्यासाठीं लिओनार्दोनें आपल्या खोलींत सरडे, साप, टोळ, फुलपांखरें आणि वटवाघळें गोळा केलीं होतीं. कल्पनेच्या कामासाठीं या पुरुषानें प्रथम काय केलें, तर खरे प्राणी समोर मांडले !

सृष्टीनेंहि कधीं कधीं शास्त्रज्ञांची अशीच परीक्षा पाहिली आहे. ऑस्ट्रेलियांतून आलेलें प्लॅटिपसचें वाळलेलें कातडें पाहून १७९९ सालीं जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. पण बदकासारखी चोंच एखाद्या चतुष्पादाच्या डोक्याला कोणी मुद्दाम जोडली तर नसेल, ही शंका त्यानें लपवून ठेवली नाहीं. प्राणी खरा निघाला. तो अंडीं घालतो आणि पिलांना दूधहि पाजतो. शॉची दृष्टि कोठें गेली हें मात्र विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें. ती चोंचीवर थांबली नाहीं. चोंच आणि डोकें यांच्या सांध्याकडे गेली. आपलें चित्र पाहणाराहि हेंच करणार आहे.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. बंगाली लेखक सुकुमार राय यांच्या 'आबोल ताबोल' या १९२३ सालच्या पुस्तकांत असे जोडप्राणी आहेत, आणि त्यांचीं चित्रेंहि त्यांनीं स्वतःच काढलीं आहेत. हांस म्हणजे हंस किंवा बदक आणि सजारू म्हणजे साळिंदर, या दोहोंचा मिळून त्यांनीं 'हांसजारू' केला. पहिल्या नांवाचें शेवटचें अक्षर तेंच दुसऱ्याचें पहिलें, म्हणून सांधा दिसत नाहीं. मराठींतहि असें करतां येतें : मगर आणि गरुड मिळून 'मगरुड'. दोन्ही नांवांत जें समान आहे तेथेंच जोड बसली. चित्राचेंहि हेंच सूत्र आहे : दोन प्राण्यांत काय समान आहे तें शोधावें आणि सांधा तेथें घ्यावा.

मगर आणि गरुड यांत समान तें काय असणार, असें प्रथमदर्शनीं वाटेल. पण घरच्या कोंबडीचा पाय हातांत घेऊन पाहा. पिसें जेथें संपतात तेथून खालीं नखांपर्यंत खवल्यांची रांग लागलेली असते. असेच खवले गरुडाच्या पायाच्या बोटांवर असतात. आणि मगरीचें तर सर्वांगच खवल्यांचें. हें साम्य केवळ वरवरचें नव्हे. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत पक्ष्यांचे सर्वांत जवळचे नातलग म्हणजे मगरी आणि सुसरी होत, असें प्राणिशास्त्र सांगतें. तेव्हां मगरुडाचा सांधा पायांपाशीं घ्यावा. बोटांवरचे बारीक खवले वर चढत जाऊन मांडीपाशीं मोठे व्हावे आणि पाठीवर त्यांचे मगरीसारखे उंचवटे बनावे.

दुसरा प्रश्न पायांच्या संख्येचा. पक्ष्याचा पंख म्हणजे त्याचा पुढचा पाय होय. वटवाघळाच्या पंखांत तर आपल्या हाताच्या बोटांसारखीं लांब हाडें स्पष्ट दिसतात. मग चार पायांच्या प्राण्यास वर दोन पंख दिले, तर त्याला सहा अवयव झाले. त्यास खांद्यांची दुसरी जोडी कोठून आणावयाची? आम्ही असें सुचवितों कीं, मगरुडाचे पुढचे पाय हेच त्याचे पंख समजावे. उरले मागचे दोन पाय. त्यांवर मोठा गरुड तोलला जातो, कारण त्याचें वजन अवघें चार-सहा किलो असतें. पण पुरी वाढलेली मगर शंभर किलोंहूनहि जड असते. म्हणून पाय जाड काढावे, आणि ते धडाच्या अगदीं टोंकाला न काढतां मध्याच्या जवळ काढावे. पुढें लांब जबडा आणि मागें भारी शेपटी, अशीं तराजूचीं दोन पारडीं झालीं म्हणजे प्राणी आपोआप उभा राहतो. आणखी एक गोष्ट. पक्ष्याचा उलटा वांकलेला गुडघा म्हणून जो आपण दाखवतों, ती वस्तुतः त्याची टांच असते. खरा गुडघा वर पिसांत दडलेला असतो. हें एकदां कळलें म्हणजे पाय कसा मुडपावा ही अडचण राहत नाहीं.

आतां साधनें. एकाच चित्रांत निरनिराळीं साधनें वापरण्याचें कारण हौस हें नसावें. खवला कठीण असतो, पीस मऊ असतें आणि डोळा ओला असतो. हा भेद एकट्या पेन्सिलीनें दाखविणें जड जातें, म्हणून साधनें बदलावयाचीं. त्यांचा क्रमहि ठरलेला आहे आणि प्रत्येक पायरीस कारण आहे.

प्रथम जाड कागदावर शिसपेन्सिलीनें पुसट आंखणी करावी. नाकापासून शेपटीच्या टोंकापर्यंत कण्याची एकच अखंड रेषा काढावी. ती मध्यें तुटली तर पुढें कितीहि रंग भरला तरी प्राणी दोन तुकड्यांचाच दिसेल. नंतर दुसऱ्या पातळ कागदाखालीं सूप किंवा बांबूची टोपली धरून वरून मेणाचा खडू आडवा घासावा. विणीचे चौकोन कागदावर उमटतात आणि मगरीची पाठ तयार होते. जर्मन चित्रकार माक्स अर्न्स्ट यानें १९२५ सालीं लांकडी फळ्यांवर कागद ठेवून असेंच घासून पाहिलें, आणि त्या ठशांतून त्याला अरण्यें व विलक्षण प्राणी दिसूं लागले. लहानपणीं नाण्यावर कागद ठेवून आपण हेंच करतों.

या ठशावर हिरवट तपकिरी जलरंग पातळ करून फिरवावा. मेण पाण्यास थारा देत नाहीं. म्हणून रंग विणीच्या खांचांत उतरतो आणि उंचवटे उजळ राहतात. खडू आधीं आणि पाणी मागून हा क्रम यासाठींच; उलट केल्यास हा गुण मिळत नाहीं. कागद पूर्ण वाळल्यावर पाठीचा आकार कापून मूळ आंखणीवर खळीनें चिकटवावा. पंखांसाठीं जुन्या वर्तमानपत्राच्या निमुळत्या पट्ट्या कापाव्या आणि घरावर कौलें शाकारतात तशा, पंखाच्या टोंकाकडून खांद्याकडे, एकीवर एक बसवाव्या. छापील अक्षरें पातळ रंगाखालीं दबून पिसांवरच्या बारीक रेषांसारखीं दिसतात. मग वर कोरा कागद ठेवून जाड पुस्तकाखालीं चित्र रात्रभर दाबून ठेवावें. नाहींतर खळ वाळतांना कागद वांकतो.

सर्वांत शेवटीं टाक आणि काळी शाई. शाईचें मुख्य काम सांध्यावर आहे. खवल्यांची रेघ पिसांच्या हद्दींत दोन बोटें पुढें न्यावी, आणि पिसांची रेघ खवल्यांत दोन बोटें मागें आणावी. म्हणजे कागदाची कापलेली कड लपते व एक कातडी दुसरींत हळूहळू बदलते असा भास होतो. उजेड एकाच बाजूनें घ्यावा. पंखाची सावली डावीकडे आणि शेपटीची उजवीकडे पडली तर सारा बनाव उघडा पडतो. डोळा शेवटीं काढावा. मगरीचा डोळा डोक्याच्या वरच्या बाजूस असतो, कारण तिला अंग पाण्यांत बुडवून पाहावें लागतें, आणि तिची बाहुली उभ्या चिरेसारखी असते. गरुडाची बाहुली वाटोळी असते आणि तिच्यावर भुंवईसारखी कपाळाची कड पुढें आलेली असते. यांतला कोणता डोळा द्यावयाचा तें आपला प्राणी शिकार कोठून करतो यावर ठरवावें; पाण्यांतून करीत असेल तर मगरीचा, आकाशांतून करीत असेल तर गरुडाचा.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, या कामास लागणारें सामान घरांतच असतें : जुनें वर्तमानपत्र, मूठभर कणकेची खळ, एखादें सूप. यांत द्यावयाचें तें मुख्यतः लक्ष. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांस बसणाऱ्या मुलांस वस्तुचित्राचा सराव हवाच, आणि तो कमी करावा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु समोरचा तांब्या हुबेहूब काढणारा मुलगा पुष्कळदां तांब्यापुरतेंच पाहतो. ज्यानें मगरुड काढला, त्याला कोंबडीचा पाय, घारीचा पंख आणि पालीची पाठ हीं तिन्ही पाहावीं लागलीं, त्यांची तुलना करावी लागली, आणि "असें कां ?" हा प्रश्न दहा वेळां स्वतःस विचारावा लागला. प्राणिशास्त्राच्या तासाला हा मुलगा मागें राहील असें आम्हांस वाटत नाहीं. उलट, वहीच्या कडेची आकृति पाहून हंसून वही मिटली गेली, तर पुष्कळ मुलें पुन्हां विचारीत नाहींत आणि पाहतहि नाहींत. तें नुकसान गुणपत्रिकेंत दिसत नाहीं, इतकेंच.

विद्यार्थ्यांनीं आतां स्वतः प्रयत्न करून पाहावा. मोर आणि रेडा मिळून 'मोरेडा' होतो. ससा आणि साळिंदर मिळून 'ससाळिंदर'. ससाळिंदराचें काम सोपें आहे, कारण साळिंदराचा कांटा हा मूळचा केंसच असतो. तेव्हां सशाचे मऊ केंस पाठीवर जातां जातां राठ होऊन कांटे बनावे. मोरेड्याचें मात्र आम्ही सांगत नाहीं. रेड्याच्या जड मानेवर मोराची सडपातळ मान कशी बसेल, कीं मान रेड्याचीच ठेवून पिसारा मागें घ्यावा, आणि तो पिसारा उभारण्यास लागणारें बळ पाठीच्या कोणत्या भागांतून येईल, हें गोठ्यांत जाऊन रेडा पाहिल्यावर ज्याचें त्यानें ठरवावें.