घोळणा फुटला म्हणून कांदा हुंगला

आमच्या लोह्याकडं उन्हाळ्यात कुणाचाही घोळणा फुटतो. टाळूवर पाणी मारायचं, फोडलेला कांदा हुंगायचा, झालं. दसऱ्यानंतर मी वाळूजला एका प्लेटिंगच्या गाळ्यात लागलो. तिसऱ्या महिन्यात नाकातून रक्त आलं, तेव्हाही रूमवर कांदाच फोडला. बाहेर पौषाची थंडी होती, एवढं तरी ध्यानात यायला हवं होतं.

काम हार्ड क्रोमचं. जॉब रॅकला टांगायचे, टाकीत सोडायचे, काढून धुवायचे. टाकीत क्रोमिक ॲसिडचं पाणी, पन्नास अंशांच्या आसपास तापलेलं. करंट सोडला की ते खदखदतं. मला वाटायचं, उकळतंय. पण क्रोम चढवताना थोडाच करंट धातूच्या कामी येतो, बाकीचा हायड्रोजन-ऑक्सिजनचे बुडबुडे काढण्यात जातो. बुडबुडा फुटला की ॲसिडचा बारीक तुषार उडतो, आणि वाकून जॉब बघणाऱ्याचं नाक नेमकं तिथंच असतं. मी रुमाल बांधायचो. संध्याकाळपर्यंत तो पिवळा व्हायचा, म्हणजे दिवसभर ॲसिडची पट्टीच नाकाला बांधून फिरायचो. वर तो घरच्या कपड्यांत धुवायला टाकायचो.

नाकात खपल्या धरायच्या, मी नखानं काढायचो. दुखत नव्हतं. बोटांच्या पेरांवर दोन गोल खड्डे पडले, काठ उचललेले, मध्ये खोल. तेही फार दुखले नाहीत, म्हणूनच फसलो. ठेकेदार म्हणाला, "गूळ खात जा." ढेप संपवली. मग एका रात्री श्वासाबरोबर शिट्टी वाजायला लागली. शेजारी झोपलेला गडी हसला, मीही हसलो. डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं तर नाकपुड्यांमधल्या पडद्याला आरपार भोक. ते आजही आहे.

हे काही नवं दुखणं नव्हतं. १९४८च्या कारखाना कायद्यात, सरकारला कळवायच्या रोगांच्या यादीत, क्रोमचे व्रण होतेच. क्रोमिक ॲसिडात असतं त्या जातीच्या क्रोमियमनं फुप्फुसाचा कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं १९९० साली पक्कं सांगितलं. गाळ्यात त्याचा कागद कुठं लावलेला नव्हता.

म्हणून पोरांनो, डॉक्टरला "कंपनीत आहे" एवढंच सांगू नका. "क्रोमच्या टाकीवर आहे" म्हणा, नाक आणि हात दाखवा, केसपेपरवर तसं लिहून घ्या. पुढं ईएसआयला तोच कागद लागतो. अंगावर उडालं तर कपडे काढून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं उभं राहा, सुपरवायझर ओरडला तरी. हातमोजा फाटला की फेकायचा. टाकीजवळ तंबाखू मळायची नाही. शेजारी सायनाइडची टाकी असेल तर ॲसिडचा थेंबही तिकडं जाऊ देऊ नका, त्यातून निघणारा वायू जीवच घेतो.

परवा भाच्याचा चाकणहून फोन आला, क्रोमवरच लागलाय.

"मामा, आमच्याकडं फॅन हाय की."

"कुठं? वर पत्र्याला का टाकीच्या काठाला?"

"वर."

"मग वाफ तुझ्या तोंडापुढूनच वर जाते बाबा. काठाला ओढणारा पाहिजे."

"बघून सांगतो," म्हणाला.