मॉड्यूल काढताच कर्नल का कोसळतो?

प्रश्न : मी लिनक्ससाठी छोटा ड्रायव्हर लिहिला आहे. ‘आरएममॉड’ केल्यावर बहुतेक वेळा सगळे ठीक असते, पण कधीतरी मशीन कोसळते. संदर्भ-गणना शून्यच असते. मग चूक कुठे?

उत्तर : गणना शून्य म्हणजे मॉड्यूल कोणी वापरत नाही, एवढेच. तुम्ही लावलेला टायमर किंवा वर्कक्यूमधले काम त्या गणनेत धरलेच जात नाही. मॉड्यूलची मेमरी मोकळी होते, मागाहून टायमर वाजतो आणि प्रोसेसर नसलेल्या कोडवर उडी मारतो. ऊप्सच्या मजकुरात ‘लास्ट अनलोडेड’पुढे तुमच्याच मॉड्यूलचे नाव दिसले, तर संशय इथेच घ्या.

एक्झिट फंक्शनमध्ये क्रम महत्त्वाचा. आधी नोंदणी रद्द करा, म्हणजे नवे काम येणार नाही. मग ‘टायमर_शटडाउन_सिंक’ आणि ‘कॅन्सल_वर्क_सिंक’. ‘कॉल_आरसीयू’ वापरत असाल तर शेवटी ‘आरसीयू_बॅरिअर’ हवेच. इथे भलेभले फसतात : ‘सिंक्रोनाइझ_आरसीयू’ फक्त ग्रेस पीरियड संपेपर्यंत थांबते, रांगेतले कॉलबॅक पूर्ण होईपर्यंत नाही.

मॉड्यूलने स्वतःच्याच कोडमधून स्वतःची गणना वाढवणे हा उपाय नव्हे. ती ओळ चालेपर्यंतच मॉड्यूल गेलेले असू शकते. पाहुण्याने घराबाहेर पडता पडता स्वतःलाच आमंत्रण द्यावे, तसे ते. फाइल-ऑपरेशन्समध्ये ‘ओनर’ला ‘धिस_मॉड्यूल’ द्या; मग ‘ओपन’ला हात लावण्याआधी कर्नलच गणना वाढवतो.

आणि ‘आरएममॉड -एफ’ चालू मशीनवर कृपया वापरू नका.