तारीख १२ जुलै

(वर्षाचे सगळे दिवस दिसायला सारखेच असतात. माणसे त्या दिवशी काय करतात, त्यावरून एखादा दिवस लक्षात राहतो. या पाठात एकाच तारखेला, पण वेगवेगळ्या काळात घडलेल्या काही घटनांची माहिती दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, 'तारीख' हा शब्द तुम्ही रोज वापरता. फळ्यावर रोज तारीख लिहिली जाते. वहीच्या पानावरही तुम्ही आधी तारीख घालता. मराठीत या शब्दाचा अर्थ महिन्यातला दिवस असा होतो. उर्दूत मात्र त्याचे दोन अर्थ आहेत. तारीख म्हणजे दिवस आणि तारीख म्हणजे इतिहाससुद्धा. जुन्या मराठीतही इतिहासाला 'तवारीख' म्हणत. दिवस आणि इतिहास हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात कसे मावतात, हे समजण्यासाठी आपण एकच तारीख घेऊ. ती तारीख आहे १२ जुलै.

भिंतीवरचे कॅलेंडर नीट पाहा. एकाच चौकटीत इंग्रजी तारीख, मराठी तिथी आणि कधी कधी हिजरी तारीखही छापलेली असते. हिजरी वर्ष चंद्रावर चालते. ते इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. म्हणून रमजान ईद कधी उन्हाळ्यात येते, तर कधी पावसाळ्यात. इंग्रजी तारीख मात्र आपला ऋतू सोडत नाही. महाराष्ट्रात १२ जुलै नेहमी भर पावसाळ्यात येते. आपल्या पहिल्या दोन्ही गोष्टींत हा पाऊस आहे.

पन्हाळ्याची रात्र

पहिली गोष्ट १६६० सालची आहे. छत्रपती शिवाजी महाराज कोल्हापूरजवळच्या पन्हाळगडावर होते. आदिलशाहीचा सरदार सिद्दी जौहर याने गडाला वेढा घातला होता. सिद्दी जौहर हा जिद्दीचा सेनापती होता. पावसाळा आला की वेढा ढिला पडेल, असे सर्वांना वाटत होते. पण त्याने पावसातही वेढा उठवला नाही. बाहेरून हा वेढा फोडण्याचा प्रयत्न झाला. नेताजी पालकर फौज घेऊन आले. त्यांच्याबरोबर महाराजांच्या सैन्यातले सिद्दी हिलाल आणि त्यांचा मुलगा वाहवाह हेही होते. लढाईत वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. वेढा मात्र फुटला नाही.

शेवटी १२ जुलैच्या रात्री महाराज सुमारे सहाशे मावळ्यांसह गडावरून निघाले. पाऊस कोसळत होता. वाट चिखलाची आणि रानातली होती. विशाळगड सुमारे साठ किलोमीटर दूर होता. शत्रूला फसवण्यासाठी शिवा काशीद हा मावळा महाराजांचा वेश घेऊन दुसऱ्या पालखीत बसला. तो पकडला गेला आणि त्याने प्राण दिले. पण शत्रूचा काही वेळ त्यातच गेला.

दुसऱ्या दिवशी शत्रूची फौज मागे येऊन भिडली. तेव्हा घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे सुमारे तीनशे मावळ्यांसह उभे राहिले. महाराजांनी पुढे जावे आणि विशाळगडावर पोहोचताच तोफा उडवाव्यात, असे ठरले. तोफांचा आवाज येईपर्यंत खिंड सोडायची नाही, एवढेच बाजीप्रभूंचे काम होते. ते काम त्यांनी केले. त्यात त्यांचा, त्यांचे भाऊ फुलाजी यांचा आणि अनेक मावळ्यांचा अंत झाला. पुढे त्या खिंडीला 'पावनखिंड' असे नाव पडले.

खिंडीत मावळ्यांनी मिळवले काय? त्यांनी शत्रूचा मुलूख जिंकला नाही. त्यांनी काही तास मिळवले. त्या काही तासांत महाराज गडावर पोहोचले.

मुठेचा पूर

आता तीनशे एक वर्षे पुढे येऊ आणि पन्हाळ्याहून पुण्याला जाऊ. पुण्याच्या नैर्ऋत्येला वारजे हा भाग आहे. पूर्वी हे मुठा नदीच्या काठचे शेतीचे गाव होते. आज ते शहरात सामावले आहे. वारज्याहून नदीच्या वरच्या अंगाला गेलात, तर शिवणे लागते आणि मग खडकवासल्याचे धरण. त्याच्याही वर, डोंगरात, आंबी नदीवर पानशेतचे धरण आहे. वारज्याहून नदीच्या खालच्या अंगाला निघालात, तर कर्वेनगर, एरंडवणे, डेक्कन जिमखाना आणि पुढे पुण्याच्या जुन्या पेठा लागतात. ही वाट ध्यानात ठेवा. १२ जुलै १९६१ रोजी पुराचे पाणी याच वाटेने आले.

पानशेतचे धरण मातीचे होते. त्याचे बांधकाम पुरते संपलेले नव्हते. तरीही त्या पावसाळ्यात धरणात पाणी साठू लागले. धरणातून पाणी सोडण्यासाठी खालून मोरी बांधलेली असते. त्या काळी पोलादाची टंचाई होती. म्हणून या मोरीच्या कामात लोखंडी सळ्या न घालता साधे काँक्रीटचे ठोकळे वापरले गेले. पावसाचा जोर वाढला, पाणी चढले, आणि मोरीवरची माती खचू लागली.

धोका दिसताच लष्कराच्या जवानांना बोलावण्यात आले. रात्रीचा अंधार होता आणि पाऊस थांबत नव्हता. पायाखालचे धरण खचत होते. अशा वेळी जवान वाळूने भरलेली पोती आणून खचलेल्या भागावर रचत राहिले. पोती टाकावीत आणि ती खाली जावीत, असे चालले होते. तरी त्यांनी काम सोडले नाही. सकाळी सातच्या सुमारास धरण फुटले.

मग काय उपयोग झाला, असे तुम्ही विचाराल. उपयोग फार मोठा झाला. धरण रात्री फुटले असते, तर पुणे झोपेत असताना पाणी घरांत शिरले असते. जवानांच्या कष्टांमुळे ते उजाडल्यावर फुटले. पुढे खडकवासल्याचे जुने दगडी धरणही काही तास टिकून राहिले. ते १८७९ साली पूर्ण झाले होते. त्याच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले, तरी ते लगेच कोसळले नाही. अखेर तेही फुटले आणि पाण्याचा मोठा लोंढा शिवणे, वारजे या गावांच्या अंगाने शहरात घुसला. पुण्यात अनेकांना पाणी दारात आले तेव्हाच पुराची बातमी कळली. पण दिवस होता, म्हणून माणसांना वाट दिसत होती. लोक मुलांना कडेवर घेऊन, म्हाताऱ्यांना हात देऊन उंच जागेकडे धावले. जात, धर्म, ओळख कोणी विचारली नाही.

नुकसान भयंकर झाले. कित्येक माणसे दगावली. हजारो कुटुंबे बेघर झाली. लकडी पूल पाण्याखाली गेला. नदीकाठच्या पेठांतले वाडे कोसळले. पुराचे पाणी ओसरले आणि वेगळेच संकट उभे राहिले. खडकवासल्याचे धरण फुटल्यामुळे शहराला पिण्याचे पाणी मिळेना. सगळीकडे पाण्याने हाहाकार केला होता, आणि प्यायला घोटभर पाणी नव्हते!

त्यानंतर पुणे पुन्हा उभारण्याचे काम सुरू झाले. या कामाची जबाबदारी स. गो. बर्वे या कर्तबगार अधिकाऱ्याकडे देण्यात आली. पूरग्रस्तांसाठी लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहती झाल्या. दोन्ही धरणे पुन्हा बांधण्यात आली. पानशेतच्या जलाशयाला आता 'तानाजीसागर' म्हणतात. खडकवासल्याचे पाणी आज वारज्याच्या जलशुद्धीकरण केंद्रातही येते. तिथे ते शुद्ध होऊन नळांतून घरोघरी पोहोचते. ज्या पाण्याने एकदा शहर बुडवले, त्याच पाण्यावर शहर जगते.

मित्रांनो, या घटनेच्या दोन बाजू आहेत आणि दोन्ही लक्षात ठेवायला हव्यात. जवानांचे धैर्य ही एक बाजू. अपुऱ्या धरणात पाणी साठवले गेले, मजबुतीकडे दुर्लक्ष झाले, लोकांना वेळेवर सावध केले गेले नाही, ही दुसरी बाजू. केवळ धैर्याचे गुणगान केले आणि चूक विसरलो, तर तीच चूक पुन्हा होते. २५ जुलै २०२४ रोजी मुठेच्या पुराचे पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरले. तिथल्या रहिवाशांना घरे सोडावी लागली. नदीला तिची जागा लागते, हे पुण्याने १९६१ साली शिकायला हवे होते.

त्याच तारखेला आणखी काही

१२ जुलै ही तारीख केवळ संकटाची नाही. १९०९ साली याच दिवशी 'दो बिघा जमीन' या चित्रपटाचे दिग्दर्शक बिमल रॉय यांचा जन्म झाला. १९२० साली याच दिवशी पुण्यात यशवंत विष्णू चंद्रचूड यांचा जन्म झाला. ते पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. १९८२ साली याच दिवशी शेती आणि ग्रामीण भागाला कर्जाची मदत करणारी 'नाबार्ड' ही बँक स्थापन झाली.

आणि १९९७ साली याच दिवशी पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यात मलाला युसुफझाई हिचा जन्म झाला. मुलींनी शाळेत जावे, असे ती उघडपणे सांगत असे. म्हणून २०१२ साली शाळेतून घरी जाताना तिच्यावर गोळी झाडण्यात आली. ती वाचली. १२ जुलै २०१३ रोजी, आपल्या सोळाव्या वाढदिवशी, ती न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात उभी राहिली. प्रत्येक मुलाला आणि मुलीला शिक्षण मिळाले पाहिजे, असे तिने जगाला सांगितले. पुढच्याच वर्षी तिला आणि भारताचे कैलास सत्यार्थी यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

खिंडीतले मावळे, धरणावरचे जवान आणि ही शाळकरी मुलगी यांच्यात काय सारखे आहे? त्यांचा देश, काळ, भाषा वेगवेगळी आहे. पण भीती समोर असताना तिघेही आपल्या जागेवरून हलले नाहीत. ते स्वतःसाठी उभे राहिले नाहीत, मागे असलेल्यांसाठी उभे राहिले. त्यांच्यामुळे कॅलेंडरावरचा एक साधा आकडा इतिहासात गेला. तारीख या शब्दाचे दोन अर्थ असे एकत्र येतात.

पुण्यातल्या काही जुन्या घरांवर १९६१ सालच्या पुराची खूण अजून दिसते. पाणी कुठवर चढले होते, ते ती सांगते. तुमच्या गावालाही अशी एखादी तारीख असेल. पूर, भूकंप, दुष्काळ, किंवा गावात पहिली शाळा उघडली तो दिवस. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. त्यांनी सांगितलेले वहीत लिहून ठेवा. त्यांच्यानंतर ते सांगणारे दुसरे कोणी नसेल.

शब्दार्थ

वेढा – चारही बाजूंनी घेरणे
मुलूख – प्रदेश
टंचाई – कमतरता
लोंढा – जोराने येणारा मोठा प्रवाह
जलाशय – पाण्याचा मोठा साठा
दुर्लक्ष – लक्ष न देणे
दगावणे – मरण पावणे

वाक्प्रचार

ध्यानात ठेवणे – लक्षात ठेवणे
प्राण देणे – बलिदान करणे
हात देणे – आधार देणे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) उर्दूत 'तारीख' या शब्दाचे कोणते दोन अर्थ होतात?
(आ) शिवा काशीद यांनी कोणाचा वेश घेतला होता?
(इ) पानशेतचे धरण कोणत्या नदीवर आहे?
(ई) मलालाने संयुक्त राष्ट्रांत भाषण केले, तेव्हा तिचा कितवा वाढदिवस होता?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) रमजान ईद वेगवेगळ्या ऋतूंत येते, कारण ...
(आ) पूर ओसरल्यावर पुण्याला पिण्याचे पाणी मिळेना, कारण ...

प्रश्न ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) बाजीप्रभू आणि लष्कराचे जवान या दोघांनीही 'काही तास मिळवले'. कसे, ते सांगा.
(आ) पानशेतच्या घटनेच्या दोन बाजू कोणत्या? दोन्ही लक्षात ठेवणे का आवश्यक आहे?

प्रश्न ४. खालील शब्द मराठीत व उर्दूत दोन्हीकडे वापरतात. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
तारीख, साल, फौज, मदत

उपक्रम : नकाशात पानशेत, खडकवासला, वारजे आणि पुणे ही ठिकाणे शोधा. नदी कोणत्या दिशेने वाहते, ते बाणाने दाखवा.